हिमोफिलियाची इलेक्ट्रॉनिक डायरी: नव्याने नोंदी ठेवणाऱ्या कुटुंबांसाठी

माझ्या भावाच्या लहानपणी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या घरात त्याच्या हिमोफिलियाची, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराची, एकच नोंदवही होती, ती म्हणजे स्वयंपाकघराच्या दाराला टांगलेले कालनिर्णय. दुधाचा हिशेब, गॅस लावल्याची तारीख आणि एकादशी यांच्यामध्ये उरलेल्या जागेत आई लाल पेनाने एक टिंब काढत असे. टिंब म्हणजे त्या दिवशी गुडघा सुजला. सूज किती वाजता आली, इस्पितळात काय दिले, पाय पुन्हा सरळ कधी झाला, यांतले काहीच त्या टिंबात मावत नसे, आणि वर्ष सरले की त्याच पानांची आमच्या शाळेच्या पुस्तकांना वेष्टने होत. पुढे हाडांच्या डॉक्टरांनी विचारले, की गेल्या दोन वर्षांत उजव्या गुडघ्यात किती वेळा रक्तस्राव झाला, तेव्हा आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. तो गुडघा आज पूर्ण सरळ होत नाही. त्या काळी फॅक्टरच, म्हणजे रक्त गोठवणारे जे प्रथिन या आजारात कमी असते तेच, सहज मिळत नव्हता, त्यामुळे केवळ नोंदींनी तो वाचला असता असे मी म्हणणार नाही. पण कोणता सांधा बिघडत चालला आहे हे आम्हाला दोन वर्षे आधी दिसले असते.

माझा मुलगा आता तेरा वर्षांचा आहे. त्यालाही मामासारखाच तीव्र हिमोफिलिया ए आहे, म्हणजे त्याच्या रक्तात आठव्या क्रमांकाचा फॅक्टर एक टक्क्याहून कमी आहे. रक्तस्राव होण्याची वाट न पाहता ठरलेल्या दिवशी फॅक्टर देण्याच्या पद्धतीला, म्हणजे प्रोफायलॅक्सिसला, आम्ही सात वर्षांपूर्वी सुरुवात केली आणि त्याच आठवड्यात फोनवर डायरीही सुरू केली. ज्या कुटुंबांना उपचार केंद्राने नुकतेच ‘डायरी ठेवा’ असे सांगितले आहे आणि नेमके काय लिहायचे हे ज्यांना उमगत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. यातले प्रमाण आणि आकडे समजून घेण्यासाठी आहेत. तुमच्या मुलाचा डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील.

ॲप उघडण्याआधी कागदावरची योजना

डायरी म्हणजे ठरलेले काय होते आणि घडले काय, यांची रोजची तुलना. म्हणून ठरलेले काय आहे, हे आधी लेखी हाती असले पाहिजे. केंद्रातून निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून किंवा परिचारिकेकडून एका कागदावर पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात: आजाराचा प्रकार आणि तीव्रता, सध्याचे वजन, कोणते औषध, किती युनिट, कोणत्या वारी आणि साधारण किती वाजता, एखादा डोस चुकल्यास काय करायचे, आणि रक्तस्राव झाल्यास पहिला डोस किती द्यायचा. यांतला ‘चुकल्यास काय’ हा प्रश्न विचारायला बहुतेक जण विसरतात आणि मग घरी आपल्या अंदाजाने पुढचा डोस दुप्पट देतात. तसे कधीही करू नये.

‘वेळेवर’ याचा अर्थही त्याच वेळी ठरवून घ्यावा. सकाळी साडेसहाचा डोस आठ वाजता दिला तर तो वेळेवर धरायचा की उशिराचा, हे केंद्राने सांगितले असेल तर महिन्याच्या हिशेबात घोळ होत नाही.

डायरी कोणती घ्यावी

ब्रिटनमध्ये घरच्या घरी उपचार घेणारे रुग्ण हिमट्रॅक या यंत्रणेत नोंदी करतात, ऑस्ट्रेलियात मायएबीडीआर आहे, आणि वर्ल्ड फेडरेशन ऑफ हिमोफिलियाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या जागतिक नोंदणीला जोडलेले मायडब्ल्यूबीडीआर हे ॲप आहे. या शेवटच्या ॲपसाठी तुमचे केंद्र त्या नोंदणीत सहभागी असावे लागते, म्हणून आधी केंद्रात विचारावे. केंद्र स्वतः एखादे ॲप वापरत असेल तर दुसरे चांगले दिसले तरी तेच घ्यावे, कारण नोंद ज्याने वाचायची त्याला ती दिसली नाही तर आपले कष्ट फोनमध्येच राहतात.

केंद्राचे ॲप नसेल तर फोनमधली साधी स्प्रेडशीट किंवा ऑनलाइन फॉर्मसुद्धा पुरतो. आम्ही पहिली तीन वर्षे असाच फॉर्म वापरला. निवड करताना मी चार गोष्टी पाहीन. पहिली, नेटवर्क नसताना नोंद होते का. वाळपईच्या पुढे, घाटाकडच्या गावांत पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही एकदमच जातात, आणि नेमक्या अशाच रात्री घोटा सुजतो. दुसरी, प्रत्येक नोंदीला तारीख आणि वेळ आपोआप लागते का, आणि नोंद मागाहून केली तर ती मागाहून केल्याचे दिसते का. तिसरी, सगळी माहिती पीडीएफ किंवा तक्ता म्हणून बाहेर काढता येते का. चौथी, मोकळ्या जागेत मराठीत लिहिता येते का. ही चौथी गोष्ट किरकोळ वाटेल, पण ‘गुडघ्यात मुंग्या आल्यासारखे होते’ हे मुलाचे वाक्य जसेच्या तसे लिहिले तर त्यातून डॉक्टरांना जे कळते ते ‘दुखणे: मध्यम’ या पर्यायावर बोट ठेवून कळत नाही.

पहिल्या दिवशी भरायची माहिती

हे काम एकदाच आणि शांतपणे बसून करावे. नाव, जन्मतारीख, रक्तगट, आजाराचा प्रकार, वजन, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, आणि इन्हिबिटर तपासणीचा शेवटचा निकाल व त्याची तारीख. इन्हिबिटर म्हणजे बाहेरून दिलेल्या फॅक्टरविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे. तीव्र हिमोफिलिया ए असलेल्या सुमारे ३० टक्के मुलांमध्ये ती केव्हा ना केव्हा तयार होतात, आणि बहुतेक वेळा फॅक्टर मिळालेल्या पहिल्या ५० दिवसांतच होतात. येथे दिवस मोजताना कॅलेंडरचे नव्हे, तर ज्या दिवशी फॅक्टर दिला ते दिवस मोजायचे. ज्यांचे बाळ नुकतेच उपचारांना लागले आहे त्यांना एवढ्या एका कारणासाठीही डायरी पहिल्या इंजेक्शनपासून हवी. कितवा दिवस चालू आहे हे ठाऊक असले म्हणजे तपासणी कधी करायची हे डॉक्टरांना ठरवता येते.

वजन दर तीन-चार महिन्यांनी बदलावे. मुले वाढतात आणि डोस मात्र जुन्याच वजनाचा राहतो.

आठवणीचा गजर ठरलेल्या वेळेला लावावा, आणि घरातल्या दोन फोनवर लावावा. एकाच माणसावर सगळी भिस्त असली की तो माणूस आजारी पडतो त्या दिवशी डोस चुकतो.

डोसची नोंद

आमच्या घरी ही नोंद स्वयंपाकघराच्या टेबलावर होते. फ्रीजच्या मधल्या कप्प्यातून काढलेली कुपी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत मी तिच्या लेबलाचा फोटो काढते, आणि तो असा काढते की कंपनीचे नाव, युनिट, बॅच क्रमांक आणि मुदत एकाच चौकटीत यावीत. मग औषध कालवणे, शीर शोधणे, टोचणे. बटरफ्लाय सुई काढून त्या जागेवर कापूस दाबून धरण्याचे काम मुलाचे असते, आणि त्या वेळात माझ्या मोकळ्या हाताने नोंद पुरी होते: तारीख आणि वेळ आपोआप, युनिट, कोणत्या हाताची शीर, किती वेळा टोचावे लागले, आणि डोस कशासाठी, म्हणजे नेहमीचा, रक्तस्रावासाठीचा, की दात काढण्यासारख्या एखाद्या कामाआधीचा. एकूण एक मिनिटही लागत नाही. मात्र कापूस टाकून, टेबल आवरून, डबा भरून झाल्यावर लिहू म्हटले, की ती नोंद रात्रीवर जाते आणि रात्रीची नोंद दुसऱ्या दिवसावर.

बॅच क्रमांकाचा एवढा आग्रह का, असे पुष्कळ जण विचारतात. एकदा बाहेरगावी एका छोट्या दवाखान्यात मुलाच्या अंगावर डोसानंतर पित्त उठले. तिथल्या डॉक्टरांनी औषध कोणते, कोणत्या बॅचचे आणि याआधी त्याच बॅचचे किती डोस झाले, हे विचारले. रिकामी कुपी मी घरी टाकून आले होते आणि त्या आठवड्यात फोटोही काढला नव्हता. मुलाला पुढे काही झाले नाही, पण त्या अर्ध्या तासात त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून फोटोशिवाय कुपी उघडली जात नाही.

याच नोंदीला शिल्लक साठा जोडावा. किती कुप्या उरल्या आणि सर्वांत जवळची मुदत कोणती, एवढेच. बहुतेक फॅक्टर २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचा असतो आणि तो गोठू द्यायचा नसतो, म्हणून जून-जुलैत वीज सलग काही तास गेली तर तेही लिहून ठेवावे. फ्रीजबाहेर तो किती काळ चालतो हे प्रत्येक औषधाच्या पत्रकात वेगळे असते. शिल्लक एका आठवड्यापुरती उरली की बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, किंवा आपले जे केंद्र असेल तेथे जाण्याचा दिवस ठरवावा. शेवटची कुपी हातात घेऊन बस पकडण्याची पाळी येऊ देऊ नये.

ज्यांना फॅक्टरऐवजी एमिसिझुमॅब मिळते त्यांच्या नोंदी थोड्या असतात, कारण हे औषध त्वचेखाली टोचतात आणि सुरुवातीचे चार आठवडे संपले की दर आठवड्याला, दोन आठवड्यांनी किंवा चार आठवड्यांनी द्यायचे असते. पण चार आठवड्यांनी एकदा येणारी गोष्टच अधिक सहज विसरते, त्यामुळे गजराची गरज येथे जास्त आहे. टोचल्याची जागा, म्हणजे पोट, मांडी की दंड, हे लिहून जागा बदलत राहावी. आणि डायरीच्या पहिल्याच पानावर ठळक लिहावे, की हे औषध चालू असताना एपीटीटी ही गोठण्याची नेहमीची तपासणी फसवते; अहवाल ठीक दिसला तरी रक्तस्रावाचा धोका टळलेला नसतो. रात्री दुसऱ्याच इस्पितळात जावे लागले तर हे एक वाक्य तुमच्याऐवजी बोलेल.

रक्तस्रावाची नोंद: आधी उपचार, मग लेखणी

डोक्याला मार लागला, मान किंवा घसा सुजला, पोटात कळा येऊ लागल्या, लघवीतून वा शौचातून रक्त गेले, तर डायरीला हातही लावू नये. डोक्याच्या माराला तर मूल हसत-खेळत असले तरी आधी फॅक्टर, आणि त्याच वेळी केंद्राला फोन किंवा १०८. नोंद इस्पितळाच्या बाकावर बसून करता येते.

सांध्यातला किंवा स्नायूतला रक्तस्राव असेल तर शक्य तितक्या लवकर, जमल्यास दोन तासांच्या आत, उपचार व्हावा असे सांगितले जाते. म्हणून या नोंदीत सर्वांत मोलाच्या दोन वेळा असतात: मुलाला पहिल्यांदा जाणवले ती, आणि फॅक्टर शिरेत गेला ती. या दोन वेळांमधले अंतर हीच तुमच्या घराची खरी परीक्षा. आमच्याकडे पहिल्या वर्षी ते अंतर कधी पाच तास असे, कारण मुलगा सांगायला कचरत होता आणि मी ‘थोडे पाहू’ म्हणत होते. अंतर लिहून समोर ठेवले तेव्हाच ते कमी होऊ लागले.

त्यानंतर जागा लिहावी. नुसते ‘पाय’ नव्हे, ‘डावा घोटा’. कारण लिहावे: आपोआप, मार लागून, की खेळल्यानंतर. दुखणे शून्य ते दहा या मोजपट्टीवर, सूज आहे का, स्पर्शाला गरम लागते का, सांधा किती वाकतो. शक्य असल्यास दोन्ही गुडघे शेजारीशेजारी ठेवून काढलेला फोटो. डोस दिल्यानंतर आठ तासांनी पुन्हा पाहून लिहावे. एका इंजेक्शनने आठ तासांत दुखणे पूर्ण थांबले की दुसरे द्यावे लागले, यावरून डॉक्टर उपचाराचा परिणाम ठरवतात. उपचार थांबवल्यापासून ७२ तासांच्या आत तोच सांधा पुन्हा बिघडला तर तो नवा रक्तस्राव नसून जुनाच परतला असे धरतात, म्हणून बरे झाल्याची वेळही लिहिणे जरूर आहे. एकाच सांध्यात सहा महिन्यांत तीन किंवा अधिक वेळा आपोआप रक्तस्राव झाला तर त्या सांध्याला टार्गेट जॉइंट म्हणतात. आईच्या लाल टिंबांतून नेमके हेच मोजता आले असते, जर त्या टिंबांना सांध्याचे नाव असते.

मामाच्या गुडघ्यासारखे जुने झिजलेले सांधेही दुखतात आणि प्रत्येक दुखणे रक्तस्राव नसतो. सकाळी उठल्यावर आखडलेले आणि चालल्यावर मोकळे होणारे दुखणे बहुधा झिजेचे असते. मुंग्या, ऊब आणि तासातासाला वाढणारा ताण हे रक्तस्रावाचे लक्षण. शंका असेल तेव्हा नोंदीत ‘शंका’ असेच लिहावे आणि केंद्राला विचारावे. दुखण्यावर कोणती गोळी दिली तेही लिहावे. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या या मुलांना घरच्या घरी देऊ नयेत, हे आजी-आजोबांनाही सांगून ठेवावे.

चुकलेला डोस

या भागावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते अख्ख्या डायरीत सर्वांत कामाची नोंद न दिलेल्या डोसची असते, आणि तीच आपण लिहीत नाही.

न लिहिण्यामागे लाज असते. डॉक्टर रागावतील, फॅक्टर बंद करतील, निष्काळजी आई म्हणतील. मग भेटीच्या आदल्या रात्री बसून महिन्याभराच्या चौकटी एकाच शाईने भरल्या जातात. हे आपल्याकडेच घडते असेही नाही. २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दीर्घकालीन वेदना असलेल्या रुग्णांना कागदी डायऱ्या दिल्या होत्या, आणि त्या कधी उघडल्या जातात हे टिपणारे प्रकाशाचे संवेदक वहीच्या बांधणीत लपवले होते. कागदावरील नोंदींनुसार ९० टक्के नोंदी वेळेवर होत्या. संवेदकांनुसार प्रत्यक्षात ११ टक्के. जे इलेक्ट्रॉनिक डायरी वापरत होते त्यांचे प्रमाण ९४ टक्के होते. ती माणसे लबाड होती असे मला वाटत नाही. आपण नीट वागलो असे दाखवण्याची ओढ प्रत्येकाला असते, आणि घड्याळ लावलेली नोंद त्या ओढीपासून आपल्याला वाचवते.

म्हणून डोस चुकला की त्याच दिवशी ‘दिला नाही’ ही नोंद करावी आणि कारण लिहावे. कारण नेमके असावे: विसरलो, शीर सापडली नाही, फॅक्टर संपला, प्रवासात होतो, मुलाने नको म्हटले, ताप होता. या प्रत्येक कारणाचा उपाय निराळा आहे. विसरण्यावर गजर चालतो, पण शीर न सापडण्यावर गजर काय करणार? तिथे परिचारिकेकडून पुन्हा शिकून घ्यावे लागते, किंवा डॉक्टरांना औषधच बदलण्याचा विचार करावा लागतो. मूल नको म्हणत असेल तर त्याच्याशी कोणीतरी बसून बोलले पाहिजे. आणि फॅक्टर संपला असेल तर ती घराची चूक नाही. तशा नोंदी तारखांसह दाखवल्या तर केंद्रालाही वरच्या स्तरावर मागणी करताना आधार मिळतो.

आमचे उदाहरण सांगते. सलग दोन वर्षे चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आठवड्यात दोन-दोन डोस चुकल्याचे डायरीत दिसले. कारण दोन्ही वेळा एकच लिहिले होते: ‘फॅक्टर घरी राहिला.’ आम्ही मूळ घरी जायचो, माटोळीचे (गणपतीच्या वर फळाफुलांनी बांधायच्या छताचे) सामान, कपडे, फराळाचे डबे सगळे आठवणीने जायचे आणि कुप्या फ्रीजमध्ये राहायच्या. दुसऱ्या वर्षी माटोळी बांधताना मुलगा हात वर धरून तासभर उभा राहिला आणि संध्याकाळी त्याचे कोपर सुजले. तिसऱ्या वर्षी थर्मासची पेटी गाडीत सर्वांत आधी गेली, आणि मूळ घरातल्या काकूंनी फ्रीजचा एक कप्पा आधीच रिकामा करून ठेवला होता. चुकल्याची नोंद नसती तर ही गोष्ट आम्हाला कधीच एका रेषेत दिसली नसती.

महिनाअखेरचा हिशेब

महिन्यातून एकदा, वीस मिनिटे. ठरलेले डोस १३, दिलेले ११, त्यांपैकी वेळेवर ९, असे असेल तर दिलेल्या डोसांचे प्रमाण सुमारे ८५ टक्के आणि वेळेवर दिलेल्यांचे सुमारे ६९ टक्के. दोन्ही आकडे वेगवेगळे लिहावेत, कारण वेळ पाळण्याला या आजारात स्वतंत्र अर्थ आहे. तो अर्थ एका उदाहरणाने पाहू.

समजा ३३ किलो वजनाच्या मुलाला ५०० युनिट दिले, म्हणजे किलोमागे सुमारे १५ युनिट. आठव्या फॅक्टरचे किलोमागे एक युनिट दिले की पातळी सुमारे दोन टक्क्यांनी वाढते, म्हणजे ती ३० टक्क्यांच्या आसपास जाईल. साध्या फॅक्टरचे अर्धायुष्य, म्हणजे पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ, १२ तास धरले तर १२ तासांनी १५ टक्के, २४ तासांनी साडेसात, ३६ तासांनी चारच्या खाली, ४८ तासांनी दोनच्या खाली, ६० तासांनी एकच्या आसपास आणि ७२ तासांनी अर्धा टक्का. लहान मुलांत पातळी याहूनही लवकर उतरते. नवव्या फॅक्टरची मात्र जास्त वेळ टिकते, म्हणून हिमोफिलिया बीच्या, म्हणजे नववा फॅक्टर कमी असलेल्या, रुग्णांचे वार वेगळे असतात. हा उतार कागदावर एकदा काढून फ्रीजला चिकटवावा. डोस दिवसभर लांबला तर मूल कोणत्या पातळीवर शाळेत जाते, हे घरातल्या सगळ्यांना दिसते.

आमच्या मुलाचे वार सोमवार, बुधवार आणि शुक्रवार होते, वेळ सकाळी साडेसहा. एका सहामाहीच्या हिशेबात चार रक्तस्राव दिसले आणि त्यांपैकी तीन रविवारी संध्याकाळचे होते. डोस एकही चुकलेला नव्हता, म्हणून आधी मला काही सुचेना. मग उताराचा तक्ता शेजारी ठेवला. शुक्रवार सकाळ ते रविवार संध्याकाळ म्हणजे ६० तास, आणि रविवार हाच त्याचा वाड्यावरच्या मुलांबरोबर मैदानात धावण्याचा दिवस. डॉक्टरांनी तो तक्ता पाहिला आणि वार बदलून रविवार, मंगळवार, गुरुवार करून दिले. एकही कुपी वाढली नाही. लांबचे अंतर शनिवारवर गेले, आणि शनिवारी त्याची शाळा व शिकवणी असते. रविवारचे रक्तस्राव थांबले. प्रत्येकाला हाच बदल लागू पडेल असे नाही. कोणाला डोस वाढवावा लागेल, कोणाला जास्त टिकणारे औषध. पण डॉक्टरांना विचार करता येईल अशी सामग्री आपणच पुरवायची असते.

भेटीच्या दिवशी

सहा महिन्यांच्या नोंदी जशाच्या तशा पुढे करू नयेत. बाह्यरुग्ण विभागात गर्दी असते आणि तुमच्या वाट्याला मिनिटे मोजकी येतात. एक पान पुरे: दिलेल्या आणि वेळेवर दिलेल्या डोसांचे प्रमाण, सांध्यानुसार रक्तस्रावांची संख्या, जाणवल्यापासून फॅक्टरपर्यंतचे सरासरी अंतर, चुकलेल्या डोसांची कारणे, आणि तुमचे दोन प्रश्न. हे पान छापून न्यावे, फोन हातात द्यावा लागू नये. शाळेच्या हजेरीसाठी किंवा परीक्षेत जादा वेळेसाठी अर्ज करतानाही हेच पान उपयोगी पडते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे.

काही केंद्रांत व्हेरिटास-प्रो नावाची प्रश्नावली भरून घेतात. तिच्यात २४ प्रश्न असतात आणि वेळ, डोस, नियोजन, आठवण, डोस टाळणे व केंद्राशी संवाद असे सहा भाग असतात. गुण २४ ते १२० यांमध्ये येतात आणि येथे गुण जितके कमी तितके सातत्य अधिक, हे ध्यानात ठेवावे. प्रश्नावली आठवणीवर चालते, डायरी घड्याळावर. दोन्हींत फरक पडला तर तो लपवू नये.

मुली आणि बायकांच्या नोंदी

व्हॉन विलेब्रांड हा रक्त नीट न गोठण्याचाच दुसरा आजार मुलींनाही होतो, आणि हिमोफिलियाच्या वाहक असलेल्या माझ्यासारख्या बायकांपैकी काहींचे स्वतःचे फॅक्टरही कमी असतात. आपण त्याला ‘अंगावरून जास्त जाणे’ म्हणतो आणि सोडून देतो. पाळीच्या दिवसांत किती पॅड बदलले, ते किती भिजले होते, गाठी पडल्या का, हे चित्रांच्या तक्त्यावर गुण देऊन मोजता येते. १०० हून अधिक गुण म्हणजे पाळीत ८० मिलिलिटरहून जास्त रक्त गेल्याची शक्यता. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या चालू असतील तर त्या ठरल्याप्रमाणे घेतल्या का, तेही त्याच पानावर लिहावे. मी स्वतःची नोंद मुलाच्या डायरीनंतर चार वर्षांनी सुरू केली. ती आधी करायला हवी होती.

मुलाच्या हाती डायरी सोपवताना

दहा-अकराव्या वर्षापासून मुलाला एकेक रकाना द्यावा: आधी फोटो, मग वेळ, मग दुखण्याचा आकडा. पूर्ण नोंद त्याची झाली की तुम्ही फक्त वाचायचे, त्याचे शब्द दुरुस्त करायचे नाहीत. माझ्या मुलाने स्वतः केलेली पहिली पूर्ण नोंद अशी होती: ‘दिला नाही. आई आजीकडे होती, मी झोपलो.’ ती वाचून जीभ आवरणे मला जड गेले. पण त्या दिवशी मी ओरडले असते तर पुढची अशी नोंद मला दिसली नसती.

माहिती मुलाची आहे आणि नाजूक आहे. फोनला आणि ॲपला वेगळे पासवर्ड असावेत. रक्तस्रावाचे फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात पाठवू नयेत. एखादे ॲप वजन आणि आजाराच्या पलीकडे आधार क्रमांक किंवा उत्पन्न विचारू लागले तर कशासाठी, हे विचारावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलाच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे.

दर महिन्याचा हिशेब झाला की त्याची पीडीएफ काढून घरातल्या दुसऱ्या फोनवर आणि स्वतःच्या ईमेलवर ठेवावी. फोन बदलताना, दुरुस्तीला देताना किंवा ॲप नव्याने टाकताना आधी ती प्रत उघडून, शेवटच्या डोसापर्यंतच्या तारखा तिच्यात आल्या आहेत ना, हे पाहून मगच जुना फोन पुसावा.